'बंद' केलेलं कार्ड पुन्हा मागायला गेलो तेव्हा

"ताई, ज्या बँकेचं कार्ड मी स्वतःहून बंद केलं, तीच बँक आता मला कार्ड द्यायला नाही म्हणतेय. आठ वर्षं वापरलं, एक बिल उशिरा भरलं नाही!"

जून २०२४ मधल्या एका रविवारी माझा मावसभाऊ चिंचवडला घरी आला तो असा तणतणतच. माझा धंदा करसल्ल्याचा. त्याआधी नऊ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली, त्यामुळे नात्यातल्या कुणाचं 'सिबिल खराब' झालं की कागद माझ्याकडे येतात. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ते केव्हाच सामान्यनाम झालं. पीककर्जाच्या रांगेत उभा असलेला माणूसही सिबिलबद्दलच बोलतो.

त्याच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. बँकेचं नाव घालत नाही, कारण ही चूक एकाच बँकेत होते असं नाही. आणि खरं सांगायचं तर ती पूर्णपणे बँकेची नव्हतीही.

आधी काय घडलं

कार्ड ऑक्टोबर २०१४ चं. मर्यादा वाढत वाढत २ लाख ४० हजारांवर गेलेली. वार्षिक फी ४९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. दरवर्षी हा फोन करून कुरकुर करायचा आणि बँक फी माफ करायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये बँकेने पहिल्यांदाच माफ केली नाही. त्याने भरली, पण ती डोक्यात राहिली. तोवर दुसऱ्या एका बँकेचं बिनाफीचं कार्ड मिळालेलं होतं, ६० हजार मर्यादेचं. मग १४ फेब्रुवारी २०२३ ला त्याने ग्राहक सेवेला फोन लावला. जानेवारीचं शेवटचं बिल भरून झालेलं होतं, बाकी शून्य.

"बंद करा म्हणालो, त्यांनी बंद केलं. मेसेजही आला." मग दुधाची पिशवी कापायच्या कात्रीने त्याने कार्डाचे चार तुकडे केले आणि विषय संपवला.

सव्वा वर्षाने मॉलमध्ये त्याच बँकेचा स्टॉल दिसला. तेच कार्ड, आता 'लाइफटाइम फ्री'. तिथल्या मुलाने टॅबवर अर्ज भरून घेतला. ६ जूनला मेसेज आला: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. हा चिडला आणि चिडलेला माणूस जे करतो तेच याने केलं. पुढच्या अकरा दिवसांत आणखी तीन बँकांकडे अर्ज टाकले. तिघांनीही नाही म्हटलं.

त्याने येताना आठ वर्षांची स्टेटमेंटं छापून आणली होती, ती मी उघडलीही नाहीत. क्रेडिट रिपोर्ट आणलाय का, विचारलं. नव्हता आणला. त्याचे पैसे पडतात असं त्याला वाटत होतं. देशात सिबिलसारख्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या, चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. तिथेच बसून काढला. स्कोअर ६३१. हा म्हणतो, कार्ड सोडलं तेव्हा ७७८ होता.

एक रिकामा रकाना

रिपोर्टमधल्या त्या कार्डाच्या खात्यात उघडल्याची तारीख होती, मर्यादा होती, आणि 'बंद झाल्याची तारीख' या रकान्यात काहीच नव्हतं. खाली चालू बाकी ४,१२९ रुपये, सगळी थकीत. त्याखाली महिन्यामहिन्याची चौकट, ज्यात देय तारखेनंतर किती दिवस उलटले ते लिहिलेलं असतं. ऑक्टोबर २०२३ पर्यंत सगळीकडे ०००. मग नोव्हेंबर ०२२, डिसेंबर ०५३, जानेवारी ०८४, फेब्रुवारी ११३, मार्च १४४, एप्रिल १७४.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला. "हे माझं नाही," म्हणाला. पॅन त्याचा, पत्ता त्याचा. जुना, पिंपळे सौदागरचा.

हिशेब सोपा होता. खातं जिवंतच राहिलं होतं. १८ ऑक्टोबर २०२३ च्या स्टेटमेंटला वार्षिक फी लागली, ५८८.८२. देय तारीख ८ नोव्हेंबर. कुणी भरली नाही. पुढच्या सहा स्टेटमेंटांत दर महिन्याला ५०० लेट फी आणि जीएसटी, म्हणजे ५९०. सहा वेळा ५९० म्हणजे ३,५४०, त्यात मूळ ५८८.८२ मिळवले की ४,१२८.८२. एक कप चहासुद्धा न घेता चार हजारांची उधारी, आणि ९० दिवस उलटल्यावर बँकेच्या वहीत थेट एनपीए, म्हणजे वसुली थांबलेलं कर्ज. बँकेच्या वहीत दोन कोटी थकवणाराही एनपीए आणि हाही एनपीए. कार्डवसुलीचा संगणक रक्कम मागाहून बघतो, दिवस आधी मोजतो.

मग याला कळलं कसं नाही? स्टेटमेंट जात होतं जुन्या कंपनीच्या ईमेलवर. त्याने चाकणची नोकरी सोडून तळेगावची धरली, तो ईमेल त्याच दिवशी बंद पडला. मोबाइलवर मेसेज येत होते आणि त्याने ते पाहिलेही होते. पण ज्या कार्डाचे तुकडे कचऱ्यात गेले त्याचं बिल मागणारा मेसेज त्याला फसवणुकीचाच वाटणार. "लिंकवर क्लिक करू नका असं तूच सांगतेस ना!" वसुलीचे फोन फोनमधल्या ॲपने लाल रंगात 'स्पॅम' म्हणून दाखवले आणि याने ते कापले. यातल्या कशातही त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

एक गंमत मात्र बोचली. रिझर्व्ह बँकेच्या १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कार्डविषयक निर्देशांत असं आहे की वर्षभराहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवायचं आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करायचं. पण बाकी शून्य असेल तर. याचा वापर थांबला जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ नंतर कार्ड आपोआप मार्गी लागलं असतं. ऑक्टोबरातच फी लागली आणि त्या फीनेच कार्ड जिवंत ठेवलं.

'बंद' म्हणजे नक्की काय

फेब्रुवारी २०२३ चा तो मेसेज त्याच्या फोनमध्ये अजून होता. त्यात लिहिलं होतं की आपल्या विनंतीनुसार कार्ड ब्लॉक केलं आहे.

आपल्या भाषेत पुण्यातलं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, आणि 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागलेलं दुकानही बंदच असतं. बँकेत या दोन गोष्टींची खाती वेगळी आहेत. प्लास्टिक बंद करणं म्हणजे ब्लॉक. कार्ड हरवलं तर करतात ते. त्यात खातं तसंच राहतं आणि बँक त्याच खात्यावर नवं कार्ड छापून पाठवते. खातं बंद करणं हा निराळा अर्ज. याच्याही नावाने नवं कार्ड छापलं गेलं होतं. ते पिंपळे सौदागरच्या पत्त्यावरून कुरियरने परत गेलं, आणि त्याची नोंद पुढे आमच्याच उपयोगी पडली.

म्हणजे जूनमध्ये अर्ज नामंजूर झाला तो 'जुन्या ग्राहकाला पुन्हा कार्ड नाही' म्हणून नव्हे. बँकेच्या लेखी तो जुना ग्राहक नव्हताच. त्याच कार्डाचा तो चालू, थकबाकीदार ग्राहक होता आणि वर दुसरं कार्ड मागत होता.

हे मला रिपोर्टवरून कळलं होतं, पण बँकेकडून कागदावर हवं होतं. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी द्यायचं, असं त्याच निर्देशांत आहे. 'अंतर्गत धोरण' हे कारण नव्हे. २४ जूनला आम्ही ईमेल धाडला. तीनच मागण्या: नामंजुरीचं नेमकं कारण, १४ फेब्रुवारी २०२३ च्या फोनचं ध्वनिमुद्रण, आणि परत गेलेल्या कार्डाचा तपशील. त्याने आधी स्वतः लिहिलेला मसुदा दीड पानांचा होता आणि त्यात 'मानसिक छळ' तीनदा होता. तो मी काढला. तक्रार वाचणाऱ्या माणसाला दिवसाला अशा साठ वाचायच्या असतात. त्याला तारीख आणि मागणी सापडली पाहिजे.

दरम्यान वसुलीवाल्याचा फोन आला, आणि या वेळी त्याने उचलला. "सर, पंधराशे भरा, सेटल करून टाकतो." हा खूश. चार हजारांचे पंधराशे! मी जवळजवळ ओरडलेच. सेटलमेंट केली की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो, म्हणजे याने पूर्ण फेडलं नाही, बँकेने पाणी सोडलं. पतमाहिती कंपन्या नोंदी निदान सात वर्षं ठेवतात. अडीच हजार वाचवायला सात वर्षांचा शेरा कोण घेतं? पण दर महिन्याला कुणी ना कुणी घेतंच, आणि गृहकर्जाच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसतं.

ध्वनिमुद्रण

३ जुलैला उत्तर आलं. नामंजुरीचं कारण: विद्यमान कार्ड खात्यात थकबाकी. सहाही लेट फी बँक 'सद्भावना म्हणून' परत फिरवत होती, वार्षिक फी मात्र नाही. ध्वनिमुद्रण फाइल म्हणून दिलं नाही, फोनवर ऐकवलं. मी शेजारी बसून लिहून घेतलं.

हा: "मला हे कार्ड नकोय. फुकटची फी भरायची नाही मला. बंद करून टाका."
पलीकडची मुलगी: "सर, तुमचं कार्ड ब्लॉक करून देते, चालेल?"
हा: "हो, हो, करा."

वाक्यं तीन, आणि दोन्ही बाजूंनी लढता येतील अशी. पहिल्या वाक्यात खातं बंद करायचा हेतू उघड आहे, त्याला फी आवडत नव्हती, कार्ड हरवलेलं नव्हतं. शेवटच्या वाक्यात त्याने ब्लॉकला होकार दिलाय. मुलीने विचारलं तेव्हा तिलाही घाई होती, यालाही.

आता आला पैशांचा मोह. खातं बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली नाही तर, खात्यावर बाकी नसेल या अटीवर, बँकेने विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा नियम आहे. हे याने कुठेतरी वाचलं आणि रात्री साडेअकराला फोन केला. १४ फेब्रुवारीपासून सात कामकाजाचे दिवस, मधली महाशिवरात्र आणि रविवार वगळून, २३ तारखेला संपतात. २४ फेब्रुवारी ते १७ ऑक्टोबर २०२३, म्हणजे फी लागेपर्यंत, २३६ दिवस. गुणिले ५००. "१ लाख १८ हजार होतात, ताई!"

हिशेब बरोबर होता. पण त्यासाठी तो फोन 'खातं बंद करण्याची विनंती' होता हे सिद्ध करावं लागलं असतं, आणि समोर ते "हो, हो, करा" होतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा तिचं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ते दार उघडं होतं. माझा एक जुना सहकारी अजून म्हणतो की मी त्याला तिकडे न्यायला हवं होतं. मला वाटलं, याला हवं होतं स्वच्छ रिपोर्ट आणि कार्ड, आणि ते महिन्याभरात बँकेशी बोलून मिळत असेल तर लाखाच्या मागे वर्ष घालवू नये. माझा अंदाज चुकलेलाही असेल. तो निर्णय मी त्याच्यावर थोडा लादला, हे कबूल करते.

वार्षिक फीवर मात्र तो अडून बसला. "तत्त्वाचा प्रश्न आहे. जे कार्ड मी वापरलंच नाही त्याची फी का भरू?" बरोबर होतं त्याचं. तरी मी ५ जुलैला ५८८.८२ भरायला लावले, कारण बाकी शून्य झाल्याशिवाय बंद करण्याचा अर्ज मोजलाच जात नाही. त्याच दिवशी ॲपमधून आणि ईमेलने, दोन्हीकडून अर्ज. शब्द मुद्दाम असे घातले: कार्ड ब्लॉक करणे नव्हे, क्रेडिट कार्ड खाते कायमस्वरूपी बंद करणे. १२ जुलैला बंद झाल्याचं पत्र आलं, बाकी शून्य असल्याच्या दाखल्यासह.

राहिलेल्या सहा चौकटी

खातं बंद केल्यावर ३० दिवसांत बँकेने ते पतमाहिती कंपन्यांना कळवायचं असतं. ऑगस्टच्या मध्यावर पाहिलं तर रिकाम्या रकान्यात १२ जुलै आलेली, बाकी शून्य. पण ०२२ पासून १७४ पर्यंतची चौकट जशीच्या तशी. बरेच लोक इथेच थांबतात. 'बंद' आणि 'शून्य' दिसलं की झालं असं वाटतं. नवं कार्ड देणारी बँक मात्र आधी ती चौकटच वाचते.

१९ ऑगस्टला पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. कंपनी स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेचं पहिलं उत्तर, 'माहिती बरोबर आहे, फी खरंच थकली होती.' मग आम्ही बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लिहिलं. मुद्दा एकच: लेट फी तुम्हीच परत फिरवल्या, नवं कार्ड न पोचता परत गेल्याची नोंद तुमच्याकडेच आहे, आणि ध्वनिमुद्रणातलं पहिलं वाक्य तुमच्याकडेच आहे. मग ही थकबाकी ग्राहकाची की तुमच्या प्रक्रियेची? २५ सप्टेंबरला सहाही चौकटींत ००० आले.

तक्रारीपासून तो सदतिसावा दिवस होता. ३० दिवसांपुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ च्या अखेरीस नुकताच लागू झाला होता. सात दिवसांचे ७०० रुपये त्याच्या बचत खात्यात आले. ५८८.८२ गेले होते, ७०० आले. त्याने त्या मेसेजचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मावशीने खाली विचारलं, "कसले रे?"

पुन्हा अर्ज

लगेच अर्ज करायचा त्याचा बेत मी मोडला. जूनमधल्या चार अर्जांच्या चार चौकशा, म्हणजे बँकांनी रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी, रिपोर्टवर होत्या. थोड्या दिवसांत चार म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, याला पैशांची निकड आहे. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कार्डांवर येणं असलेल्या रकमेचं जोखीम भारांकन १२५ वरून १५० टक्के केलं होतं. प्रत्येक कार्डामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, म्हणून २०१४ साली स्टॉलवर हसत मिळणारं कार्ड आता निवडून मिळतं.

आणखी एक गोष्ट होती, जी रीतसर बंद केल्यावरच दिसू लागली. दुसऱ्या कार्डावर त्याचा महिन्याचा खर्च ४० हजारांच्या आसपास. जुन्या कार्डाची मर्यादा धरून एकूण ३ लाख होती तेव्हा वापर १३ टक्के दिसायचा. ती २ लाख ४० हजारांची मर्यादा गेल्यावर तोच खर्च ६० हजारांवर मोजला जाऊ लागला, म्हणजे ६७ टक्के. खर्च एका रुपयाने वाढला नाही, तरी माणूस गळ्यापर्यंत बुडालेला दिसायला लागला. उपाय साधा: बिल बनण्याआधीच अर्धे पैसे भरून टाकायचे, महिन्यातून दोनदा. जानेवारी २०२५ पासून बँका दर पंधरवड्याला माहिती कळवू लागल्यावर हे आकडे लवकर हलायलाही लागले. फेब्रुवारीत स्कोअर ७५२.

मार्च २०२५ मध्ये त्याच बँकेत अर्ज केला, शाखेत जाऊन. फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वी आमचं कार्ड होतं का? त्याने माझ्याकडे पाहिलं, 'नाही' लिहू? मी म्हटलं, पॅन टाकल्याबरोबर त्यांना तुझं २०१४ पासूनचं सगळं दिसतं, हो लिही आणि बंद झाल्याचं पत्र जोड. काउंटरवरच्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे सहसा कुणाकडे नसतं."

बारा दिवसांनी कार्ड आलं. मर्यादा ८० हजार. जुनी २ लाख ४० हजार परत मिळेल ही त्याची आशा फोल ठरली. बँकेसाठी ते नवं खातं होतं, उघडण्याची तारीख नवी. नव्या ग्राहकाला मिळणारं व्हाउचर त्याला मिळालं नाही, कारण अटींमध्ये पूर्वीच्या कार्डधारकांना ते नव्हतं. 'लाइफटाइम फ्री'ची ती योजनाही तोवर संपली होती. फी तीच, ४९९ अधिक जीएसटी, वर्षाला ६० हजार खर्च केले तर माफ.

वहिनी म्हणाल्या, एवढं करून मिळालं काय, तेच कार्ड, तीच फी आणि मर्यादा तिसरा हिस्सा! याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने ग्राहक सेवेला फोन लावला, ईमेल आणि तळेगावचा पत्ता नोंदवून घेतला, आणि पलीकडून "आणखी काही मदत?" असं विचारल्यावर म्हणाला, "मी आत्ता काय काय सांगितलं ते एकदा वाचून दाखवा."